मामाचे गुडघे

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. चार जण सायकलवरून गेले, तळ्याकाठी तंबू ठोकला, जेवले, झोपले, परत आले. यात काय लिहायचं? पण त्या दिवशी मी नव्हतो तरी घाटातला तो प्रकार नंतर ऐकला आणि काही डोक्यातून जाईना. म्हटलं, लिहून मोकळा होतो.

बुंग्या लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुठल्या तरी बिल्डिंगच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात, डोक्याला टॉर्च, हाताला ग्रीस. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सायकलवर बसला की पिंजरा उघडल्यासारखा सुटतो. बुंगाट. म्हणून बुंग्या.

त्याच्या अगदी उलट पावशेर. त्याची बेकरी आहे आणि अंगाने तो चांगला दीड माणूस आहे, म्हणून पावशेर. प्रत्येक सफर त्याच्याच बेकरीच्या मागच्या दारातून निघते, कारण पहाटे त्या गल्लीत जागा तो एकटाच असतो. शेवटची भट्टी निघाली की पिठाचे हात पुसतो, ॲप्रन खिळ्याला अडकवतो आणि सायकल बाहेर काढतो. पिठाच्या पोत्यांना टेकवलेल्या सायकलींच्या सीटा दरवेळी पांढऱ्या होतात, आणि मग मागचा पुढच्याच्या पार्श्वभागाकडे बघून हसतो. ही आमच्याकडची शुभ सुरुवात.

बाकीचे दोघं म्हणजे मामा आणि मामाची भाची. मामा फक्त तिचाच, पण आता सगळ्यांचा झालाय. सफर कुठे जाणार, कोण येणार, कुठे थांबायचं, सगळं मामा ठरवतो. आणि कायम सगळ्यांच्या मागून चालवतो. या मागच्याला आम्ही शेपूट म्हणतो. पंप, पाने, पंक्चरचं सामान आणि तंबूच्या काठ्या शेपटाकडे. पुढे कुणी अडलं तर शेपूट मागून येऊन गाठणारच, असा हिशोब. म्हणून शेपटाला एकच नियम: सगळ्यात हळू जो असेल त्याच्या पुढे जायचं नाही. मग काहीही होवो.

त्या दिवशी बेकरीत मामाने काठ्यांची पिशवी उचलली आणि बुंग्याच्या कॅरिअरला बांधली.

बुंग्याचं तोंडच उतरलं. पण बोलायची सोय नव्हती. थंडीत मोठी सफर निघणार होती, डोंगर ओलांडून थेट समुद्रापर्यंत, आणि तिच्यात जायला बुंग्या जीव टाकत होता. मामा त्याला घ्यायला तयार नव्हता. मागच्या सफरीत हा पठ्ठ्या एवढा पुढे निघून गेला की भलत्याच तळ्याकाठी जाऊन बसला, आणि बाकीचे अंधार पडेपर्यंत त्याला हाका मारत फिरले. मामाने आता साफ सांगितलं, की आजचा दिवस शेपूट हो, कुणाच्या पुढे न जाता तळ्यापर्यंत ये, मग तू सफरीत. नाहीतर नाही.

झालं. बुंग्या पावशेरच्या मागे.

पावशेर चढाला एका लयीत चालवतो, इंजिन चालवल्यासारखा, पण सपाटीवर त्याच्यासारखा रमतगमत जाणारा माणूस शोधून सापडायचा नाही. कुत्रं दिसलं की थांब. पाटी दिसली की मोठ्याने वाच. एका कुंपणापाशी उतरून तर त्याने एका गाढवाशी गप्पा मारल्या. बुंग्या मागून घंटी वाजवायचा. ट्रिंग. पावशेर मान न वळवता म्हणायचा, ऐकू येतंय रे. परत ट्रिंग. दुपारपर्यंत बुंग्याच्या अंगठ्याला घट्टा पडायची वेळ आली. मामा आणि भाची तर केव्हाच ठिपका होऊन दिसेनासे झाले होते.

मग घाट लागला. चढ सगळा सरळ पार पडला. माथ्यावर पावशेर थांबला, उतरला आणि ब्रेककडे बघत बसला. म्हणाला, जरा बघतो, तू हो पुढे, मी आलोच, कुणाला सांगणार नाही.

समोर उतार. गुळगुळीत, मोकळा, वळणावळणाचा. तुम्ही सायकल चालवत असाल तर पुढचं सांगायला नको. बुंग्याने मागे बघितलं, पुढे बघितलं आणि ब्रेक सोडले.

काय उतरला! शर्टाचा फुगा झाला, डोळ्यातून पाणी, कानात नुसता वारा. सकाळपासूनचा सगळा वैताग पहिल्या दोन वळणांतच उडून गेला. पायथ्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून त्याने एक केळं खाल्लं. मग दुसरं खाल्लं.

पावशेर येईना.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की पंप आपल्याकडे. पाने आपल्याकडे. आणि तो वर एकटा. पडला असला तर? बुंग्याने शिवी हासडली, अर्थात स्वतःलाच, आणि सामानासकट तोच घाट परत चढायला लागला. आता तोच उतार त्याचा सूड घेत होता.

पावशेर त्याला मधेच भेटला. पायी चालत होता. सायकल डोंगराच्या बाजूला धरलेली, दोन्ही ब्रेक मुठीत आवळलेले, चेहरा त्याच्या पिठासारखा.

"काय झालं?" बुंग्याने धापा टाकत विचारलं.

"काही नाही. मी असाच उतरतो."

मग उभ्या उभ्या सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी बेकरीचा माल पोचवताना पावशेर एका उतारावर आडवा झाला होता. तेव्हापासून चढाचं काही वाटत नाही, पण उतार समोर आला की हात ब्रेक सोडायलाच तयार होत नाहीत. हे फक्त मामाला माहीत. म्हणून मामा शेपूट. उतार आला की मामाही उतरायचा, त्याच्याबरोबर चालायचा, आणि उशीर का झाला विचारलं की म्हणायचा, माझे गुडघे दुखतात रे बाबा.

मामाच्या गुडघ्यांवरून सगळ्यात जास्त खिदळणारा बुंग्याच. मागे एकदा त्याने मामाला काठी आणून दिली होती, वर लाल रिबीन बांधून.

तो सायकलवरून उतरला आणि पावशेरबरोबर खाली चालायला लागला. पावशेरने एकच मागितलं, की हे तिघांत राहू दे.

तळ्याकाठी पोचले तेव्हा तंबूचं कापड गवतावर पसरलेलं होतं, चार कोपऱ्यांवर चार बूट, आणि मामा आणि भाची अनवाणी काठ्यांची वाट बघत बसलेले.

मामाने काठ्या घेतल्या आणि सरळ विचारलं, "पुढे गेलास का कुठे?"

नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. पावशेर तर तोंड उघडणारच नव्हता, त्याला गोष्ट झाकायची होती. स्टोव्हपाशी कांदा चिरत तो मान खाली घालून बसला होता. पण मामाच्या डोळ्याला डोळा भिडवून बुंग्याला ते जमेना.

"गेलो. घाटात. माथ्यापासून खालपर्यंत."

"का?"

"तो ब्रेक बघत होता. मला दम निघाला नाही."

मामा म्हणाला, बरं, मग मोठ्या सफरीचं राहू दे. बुंग्याही बरं म्हणाला आणि काठ्या जोडायला लागला. एक काठी तीनदा उलटी घातली.

पावशेरने सुरी खाली ठेवली. "मामा, तो परत वर आला. पाने, पंप, काठ्या घेऊन. आणि माझ्या ब्रेकला काहीएक झालेलं नव्हतं." मग भाचीकडे वळून त्याने सगळं सांगून टाकलं, उतार, ते आडवं होणं, पायी चालणं, सगळं. डोळे पुसत होता, पण कांद्यावर ढकलायची सोय होती.

भाचीने शांतपणे ऐकलं. मग मामाकडे बघितलं. "म्हणजे तुझ्या गुडघ्यांना काहीच झालेलं नाही? आणि मी दर महिन्याला तेल आणून देते ते?"

"सायकलच्या साखळीला घालतो," मामा म्हणाला. "उत्तम आहे."

हसून हसून तंबू एका बाजूला कलला. सगळे शांत झाल्यावर मामा बुंग्याला म्हणाला, "ये सफरीला. पण समुद्रापर्यंत शेपूट तूच. मला आता पुढून चालवायचंय."

म्हणजे इतके दिवस पावशेरच्या मागे. बुंग्याने हिशोब केला आणि एकदम कपाळाला हात लावला, पण हात खाली आला तेव्हा तो हसत होता.

जेवणानंतर दोघं तळ्यावर भांडी घासायला गेले. पावशेर पातेल्याचा तळ खरवडत होता. म्हणाला, मोठ्या सफरीतल्या डोंगराचा उतार आजच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, अख्खी सकाळ चालावं लागेल, तुला कंटाळा येईल.

"येईलच," बुंग्या म्हणाला. "पण तू उतरलास की मी उतरणार. तू चालशील तिथपर्यंत चालणार. आणि मागून घंटी वाजवणार नाही."

"गाढवाशी बोलत असलो तरी?"

बुंग्याने जरा विचार केला.

"तरी नाही."