मागे तोंड केलेला भोंगा

मी एअर हॉर्न बोलतोय. कानांवरचे हात काढा. आज मी हळू आवाजात बोलणार आहे. मला त्याची अजून पुरती सवय नाही, तेव्हा मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझी ओळख करून देतो. मला तीन तोंडं आहेत. माणसाला एकच असतं आणि तेही त्याला आवरत नाही, यावरून माझी कल्पना करा. तीन लांब कर्णे, थोरला, मधला आणि धाकटा, तिन्हींवर चकचकीत मुलामा. थोरल्याचं तोंड चांगलं ताटलीएवढं. सोबतीला एक पंप आणि कलिंगडाएवढी हवेची टाकी. पंप टाकीत हवा कोंबतो, बटण दाबलं की ती कोंडलेली हवा कर्ण्यांतून सुटते, आणि दोन गल्ल्या पलीकडचा माणूस दचकून विचारतो, "काय झालं?" काही झालेलं नसतं. मी फक्त बोललेलो असतो.

कारखान्यात माझी चाचणी घेणाऱ्या माणसाने कानात कापूस घातला होता आणि वर टोपी घट्ट ओढली होती. त्याने मला एकदाच वाजवलं, डोळे मिटून घेतले आणि कागदावर लिहिलं, "पास." माझं पहिलं आणि बराच काळ शेवटचं कौतुक तेच. मग मला खोक्यात घातलं. त्या खोक्यावर घाटातून उतरणाऱ्या सोळा चाकी ट्रकचं चित्र होतं. मला वाटलं, हेच आपलं सासर.

प्रत्यक्षात तीन वर्षं मी एका स्पेअर पार्टच्या दुकानात वरच्या फळीवर सीट कव्हरांशेजारी पडून होतो. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं आणि विचारायचं, "आवाज कसा आहे?" दुकानदार म्हणायचा, "इथे नाही वाजवता येणार, काचा आहेत." मग गिऱ्हाईक सीट कव्हर घेऊन जायचं.

एके दिवशी दुकानात एक गृहस्थ आले आणि काहीतरी पुटपुटले. दुकानदाराने तीनदा "काय?" म्हणून विचारलं, तेव्हा कुठे कळलं की त्यांना हॉर्न हवाय, आणि तोही मोठ्यात मोठा. हे हळूभाऊ. खरं नाव काहीतरी वेगळं असणार, पण सगळे त्यांना हळूभाऊच म्हणत. एक तर ते बोलायचे हळू आणि गाडी चालवायचे त्याहून हळू. मी खोक्यातून मान उंचावून त्यांचा ट्रक शोधू लागलो. बाहेर एक जुनी पिकअप उभी होती, आणि तिच्या हौद्यात अंड्यांचे रिकामे ट्रे रचलेले होते. माझा किती हिरमोड झाला म्हणून सांगू!

अंड्यांची गाडी हळूच चालवावी लागते, त्याला इलाज नाही. गेली नऊ वर्षं हळूभाऊ एकाच ठिकाणाहून रोज सकाळी सोळा ट्रे, म्हणजे चारशे ऐंशी अंडी उचलायचे आणि बेकऱ्यांना पोचवायचे. प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबवायची, मग चाक अलगद आत उतरवायचं, अलगद बाहेर काढायचं. मागच्या गाडीवाल्यांना हे कसं सोसावं? ते हॉर्न वाजवायचे, दिवे मारायचे, ओव्हरटेक करताना काच खाली करून हळूभाऊंच्या वाडवडिलांची चौकशी करायचे. नऊ वर्षं हळूभाऊंनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. मग एक दिवस अति झालं आणि ते माझ्याकडे आले.

मला बसवण्याचं काम गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एका वायरमनकडे गेलं. तो पिकअपच्या नाकाखाली मापं घेत असताना हळूभाऊ म्हणाले, "पुढे नको. मागे लावा."

"मागे? अहो, हॉर्न पुढे असतो."

"पुढच्यांचं आणि माझं काही भांडणच नाही," हळूभाऊ म्हणाले. "जे काय येतं ते मागूनच येतं."

वायरमन पाना घेऊन गाडीच्या मागे गेला आणि वाकून जागा बघू लागला. शेवटी म्हणाला, "इतकी वर्षं हे काम करतोय, असं कोणी सांगितलं नव्हतं. पण बोलताय ते चुकीचं नाही."

त्याने मला हौद्याच्या खाली, मागच्या बाजूला घट्ट आवळलं. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तोंडं किंचित खाली झुकवली. टाकी बसली, नळी जोडली, वायर ओढून झाली. मग त्याने विचारलं, "याला वेगळं बटण देऊ, की जुन्या हॉर्नच्याच बटणावर जोडू?"

"दोन दोन बटणं कशाला? ऐन वेळी सापडायचं नाही. जुन्यावरच द्या."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातून घडलं.

वायरमनने जुना हॉर्न उपटला. वाटीएवढा, गंजका, आवाज म्हणाल तर नुसता "पीं". त्याने तो भंगाराच्या डब्यात टाकला आणि मी त्याच्याकडे पाहून तिन्ही तोंडं वेंगाडली. मग त्याने चाचणीसाठी बटण दाबलं. शेजारच्या मोटारीखाली झोपून काम करणारा मेकॅनिक उठायला गेला आणि त्याचं डोकं दाणकन आपटलं. वायरमनच्या कानठळ्या बसल्या, तरी त्याने अंगठा वर करून दाखवला. हळूभाऊंचा चेहरा मात्र असा खुलला होता की मला त्यांची पिकअप एकदम आवडू लागली.

घरी पोचल्यावर त्यांनी मला बायकोला कौतुकाने वाजवून दाखवलं. ती हातात उलथणं घेऊनच बाहेर आली. "घरात तुमच्या तोंडातून शब्द फुटत नाही," ती म्हणाली, "आणि गाडीला हे? काय ते एकदा माझ्याशी भांडून टाकायचं होतं ना, स्वस्तात पडलं असतं."

त्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम फेरफटका मारायला निघालो. पाच मिनिटांत मागून एक मोटार आली आणि चिकटून हॉर्न देऊ लागली. हळूभाऊंनी आरशात पाहिलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि बटण दाबलं. मी पोटातली सगळी हवा एका दमात ओकली. मोटार जागच्या जागी थांबली. मग ती इतक्या अंतरावरून येऊ लागली की मध्ये आणखी चार गाड्या मावल्या असत्या. हळूभाऊ स्वतःशीच हसले आणि त्यांनी वेग आणखी कमी केला. ती आमच्या आयुष्यातली सर्वात सुखाची संध्याकाळ होती, हे मी आजही कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंडी आणायला गेलो.

अंडी मिळायची ती कोंबड्यांची शेड एका म्हाताऱ्या बाईंची. हळूभाऊ त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. सहाशे कोंबड्या आणि एकट्या मावशी. कोंबडी हा किती भित्रा प्राणी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मावशी रोज तोच हिरवा कोट घालून शेडमध्ये जायच्या, कारण निळा घातला की कोंबड्या बिथरायच्या. आत शिरण्याआधी त्या दारावर टिचकी मारून म्हणायच्या, "आले गं बायांनो." आणि हळूभाऊंचीही एक रीत होती. पिकअप उलटी वळवायची, मागे घेत घेत शेडच्या दाराला लावायची आणि हॉर्नच्या बटणावर नुसतं बोट टेकवायचं. "पीं." म्हणजे कोंबड्यांना कळायचं, आपलाच माणूस आहे. नऊ वर्षं एक दिवस चुकला नव्हता.

आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. गाडी उलटी लागली म्हणजे माझी तिन्ही तोंडं बरोबर शेडच्या दारात आली. आणि हळूभाऊंनी, नऊ वर्षांच्या सवयीने, बटणावर बोट टेकवलं.

मी माझ्या परीने चोख काम केलं. रात्रभराची विश्रांती झालेली, टाकी काठोकाठ भरलेली. आतून एक गलका उठला आणि सहाशे कोंबड्या एकाच वेळी एकाच कोपऱ्यात धावल्या. पिसांचा असा धुरळा उडाला की दार दिसेना. कोंबड्या एकमेकींवर चढून गुदमरतात, म्हणून मावशी त्या ढिगात घुसल्या आणि दोन्ही हातांनी एकेकीला उचलून बाजूला फेकू लागल्या. हळूभाऊही धावले. बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आले, केसांत पिसं, कोटावर पिसं.

"एकही मेली नाही," मावशी म्हणाल्या. "म्हणून तू जिवंत आहेस."

त्यानंतरच्या सकाळी सहाशे कोंबड्यांनी मिळून अकरा अंडी दिली, तीही कवच नसलेली, लिबलिबीत. त्याच्या पुढच्या दिवशी एकही नाही. मावशींनी हळूभाऊंना अंगणात उभं करून सांगितलं, "आता माझं वय झालं रे. गुडघे बोलतात. लेक कधीची म्हणतेय, सोड हे आणि ये माझ्याकडे. दहा दिवस बघते. नाही दिलं अंडं तर सगळ्या विकून टाकते आणि जाते तिच्याकडे. नाहीतरी अंडं न देणारी कोंबडी ठेवून काय करू?"

हळूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. कोंबड्या गेल्या की त्यांची नऊ वर्षांची फेरी गेली. पण ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं नाही. त्यांच्या डोळ्यांत शेडच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या त्या सहाशे जणी होत्या. ते तिथेच गाडीखाली शिरले आणि त्यांनी मला स्वतःच्या हातांनी सोडवलं. मला वाटलं, आता भंगाराचा डबा. पण मावशींनी मला काखेत मारलं. "हा आतच राहील," त्या म्हणाल्या. "कोंबड्यांना रोज बघू दे, हा मेलाय ते."

अशा रीतीने मी कोपऱ्यातल्या भुशावर येऊन पडलो. मेलेला म्हणून. सहाशे कोंबड्या माझ्यापासून दहा पावलं लांब उभ्या राहून मान वाकडी करून माझ्याकडे बघायच्या. मला आयुष्यात कुणी इतकं घाबरलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते मुळीच आवडलं नाही. दचकवणं वेगळं. इथे माझ्यामुळे कुणी धड दाणासुद्धा टिपत नव्हतं.

हळूभाऊ मात्र रोज ठरल्या वेळेला यायचे. पिकअप फाटकाबाहेर ठेवायचे आणि चालत शेडच्या दाराशी. तिथे उभे राहून पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. पण जुना हॉर्न तर नव्हता. म्हणून तो पन्नाशीचा माणूस ओठांचा चंबू करून तोंडानेच म्हणायचा, "पीं."

मावशी कमरेवर हात ठेवून ऐकायच्या. "एवढा मोठा नव्हता तो. अजून बारीक."

"पीं."

"अजून बारीक रे."

जन्मभर लोकांनी ज्यांना "जरा मोठ्याने बोला" म्हणून छळलं, त्या हळूभाऊंना आवाज कमी करायला सांगणारी ती पहिलीच बाई असावी. चौथ्या दिवशी त्यांना तो सूर सापडला. सहाव्या दिवशी दोन-चार कोंबड्यांनी त्या आवाजाला मान वर केली. अंडं काही नाही. सातव्या दिवशी मावशींनी लेकीला फोन करून खोली आवरून ठेवायला सांगितली. आठवा दिवसही तसाच गेला.

नवव्या सकाळी "पीं" झालं आणि थोड्या वेळाने एक लंगडी कोंबडी थेट माझ्याकडे चालत आली. इतर जणी तिला नेहमी हुसकावून लावायच्या, अंडी घालायच्या पेट्यांजवळ फिरकूही द्यायच्या नाहीत. माझा कोपरा तेवढा रिकामा होता. तिने थोरल्या कर्ण्यात वाकून पाहिलं, मला एक चोच मारली. मी गप्प. दुसरी मारली. मी त्याहून गप्प. मग ती वळली आणि हळूभाऊ गाडी लावायचे तशी मागे सरकत सरकत माझ्या तोंडात येऊन बसली. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. टाकी नाही, पंप नाही, अंगात फुंकरभर हवा नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी श्वास रोखून धरला. काही वेळाने माझ्या घशात काहीतरी गरम गरम घरंगळलं.

ती उठून मोठमोठ्याने ओरडत सगळ्यांना सांगत सुटली. मावशी आल्या. माझ्या तोंडात हात घातला आणि तशाच थबकल्या. मग त्यांनी ते अंडं दाराशी उभ्या असलेल्या हळूभाऊंच्या ओंजळीत ठेवलं.

"एकच आहे," हळूभाऊ म्हणाले.

"आहे ना पण!" मावशी म्हणाल्या आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसू लागल्या. "लेकीला सांगते, खोली भाड्याने दे म्हणून."

हळूभाऊंनी ते एकच अंडं ट्रेच्या मधोमध ठेवलं, ट्रे हौद्यात पट्ट्याने आवळला आणि नेहमीपेक्षाही हळू निघाले. मावशी फाटकात उभ्या राहून बघत होत्या; पुढचं त्यांनीच आत येऊन कोंबड्यांना सांगितलं. मागे पाच गाड्या हॉर्न देत होत्या, आणि हळूभाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढून निवांतपणे खूण केली, "जा पुढे." पाचही गाड्या निघून गेल्या. नऊ वर्षांत त्यांना हे सुचलं नव्हतं, आणि मला तर ते सुचणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकोणीस अंडी आली. महिन्याभरात पुन्हा सोळा ट्रे. वायरमनने भंगाराच्या डब्यातून ती गंजकी वाटी शोधून पुन्हा गाडीला लावली. रोज सकाळी मी तिचं "पीं" ऐकतो आणि पूर्वी तिला वेडावलं होतं त्याबद्दल मनातल्या मनात माफी मागतो.

मी मात्र इथेच आहे. मुलामा उडालाय, धाकट्या कर्ण्यात कोळ्याने संसार थाटलाय. तुमच्या गाडीवर माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा. आणि तुम्हीही बटण दाबण्याआधी एवढं बघा, की त्याचं तोंड कुणाच्या दारात आहे. माझं बघायचं राहून गेलं होतं.

आता पुरे करतो. लंगडी येतेय, तिची वेळ झाली. मला तोंड उघडं ठेवून गप्प बसायचंय.