रंगाचं जाळं आणि आमची बंदी

१९५८ साली आमच्या तळ्यात बारीक मासे धरायला बंदी आली, आणि ती आणण्यात माझाही हात होता. तळं मद्रासच्या उत्तरेला. त्यातला मोठा मासा म्हणजे मरळ, ती बारीक चंदेरी मासे खाऊन वाढते; तेव्हा बारीक मासे राखले की सगळंच वाढेल, असा भीमसेनरावांचा सरळ विचार. ते अधिकारी, मी अनंतकृष्ण, त्यांचा सहायक. दोघेही तंजावरकडचे मराठी, जन्मात मासा न खाल्लेले. अशांना मत्स्य खात्यात घेणाऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

त्या बारीक माशांवर रंगा कोळ्याचं घर चालायचं. तो पहिल्याच दिवशी म्हणाला की मोठे मासे फार झाले तर आपलीच अंडी गिळतात. एकाचं पोट फाडून बघा. आम्ही मासे मोजले, मापले आणि परत सोडले. अंडी घालायच्या दिवसांत जीव घ्यायचा नाही, असा भीमसेनरावांचा नेम, आणि मला सुरीचीच किळस. रंगा स्वतःच्या पोटासाठी बोलतोय, असं म्हणून आम्ही मोकळे झालो.

तीन वर्षं मोठे मासे वाढत गेले आणि पिल्लं घटत गेली. तिसऱ्या वर्षी काठच्या उथळ पाण्यात जेमतेम ओंजळभर सापडली. तेव्हा भीमसेनरावांनी सुरी मागितली. अंडी मादीच्या स्वतःच्या पोटातलीच असं कुणी म्हणू नये म्हणून मुद्दाम नर निवडला. जठर अंड्यांनी गच्च भरलेलं होतं. दुसऱ्या नराचंही तसंच.

"अम्ही बघितलो नाही, अनंता," ते आमच्या तंजावरी बोलीत म्हणाले, आणि बराच वेळ सुरी खाली ठेवेनात.

बंदी उठल्याचा कागद घेऊन आम्ही रंगाकडे गेलो. तो मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात हमाली करत होता; सुट्टी म्हणून घरी सापडला. भीमसेनरावांनी त्याच्यापुढे हात जोडले. चूक आमची, तू खरं बोललास, आता जाळं टाक, असं ते तमिळमध्ये म्हणाले.

"साहेब, जाळं पहिल्याच वर्षी विकलं," रंगा शांतपणे म्हणाला. "दुसऱ्या वर्षी पोरीला शाळेतून काढलं."

मी कागद पुढे केला. त्याला वाचता येत नव्हतं, हेही आम्हाला तेव्हा कळलं. वाचून दाखवा, म्हणाला. मी वाचू लागलो, आणि बंदी का घातली होती ती ओळ आली: 'मासे वाढून कोळ्यांचं भलं व्हावं म्हणून.' तीही वाचली.