पाचव्या मजल्यावरचं सूप

मी एक जुना थर्मास आहे. जुना आहे, पण गळका नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण जुना म्हटलं की लोक लगेच मला कानाशी धरून गदागदा हलवतात. माझ्या पोटात काचेची बाटली आहे, मित्रांनो. तुम्हाला कोणी असं हलवून पाहिलं तर चालेल का?

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन काचांच्या मधली हवा शोषून घेतली, वर हिरव्या पत्र्याचा अंगरखा चढवला, डोक्यावर कप बसवला आणि छातीवर कागद चिकटवला: ‘चोवीस तास गरम’. खरं म्हणजे अठराच. पण त्या वयात कोण कबूल करतो?

पुढे एका मावशीने मला दुकानातून उचललं आणि भाचीच्या लग्नात भेट म्हणून दिलं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, भेटींच्या टेबलावर, रंगीत कागदात गुंडाळलेला मी पडून होतो. दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. म्हणूनच या कथेची सुरुवात मला ठाऊक आहे.

नवरीची आई कपड्यांना इस्त्री करून द्यायची. गल्लीत तिचं छोटं दुकान, वर एक खोली. सगळे तिला इस्त्रीवाल्या बाई म्हणत. चर्चच्या वेदीवरची पांढरी कापडं त्या धुऊन, कडक इस्त्री करून फुकट द्यायच्या. लग्नाचं सूपही त्यांनी दोनशे माणसांना पुरेल एवढं स्वतः केलं होतं. आणि नवऱ्या मुलाचे वडील, म्हणजे बाईंचे व्याही, रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. तीस वर्षं लोकांना पकडण्यात गेलेली. समोरचा माणूस विनातिकीटच आहे असं धरून ते बोलत. फादरांनी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, सगळे आमेन म्हणाले, हॉल अगदी शांत झाला, आणि नेमक्या त्या शांततेत व्याही म्हणाले, “हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?”

दोनशे माणसांनी ऐकलं. दोनशे एकावा मी.

नवराबायकोला भेटीत चार थर्मास आले होते. दूरच्या शहरात नोकरीला जाताना त्यांनी एक नेला आणि मला बाईंच्या कपाटावर ठेवून दिलं. तिथे मी चार वर्षं काढली. माझ्या कपात एका कोळ्याने संसार थाटला. त्याची पोरंबाळं मार्गी लागली तरी माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

वरून मला बाईंची प्रार्थना मात्र रोज ऐकू यायची. सकाळी इस्त्री तापेपर्यंत त्या भिंतीवरच्या क्रूसासमोर उभ्या राहायच्या आणि यादीच म्हणायच्या. आजारी माणसांसाठी, प्रवासातल्यांसाठी, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी. बटण हरवलं म्हणून खोटा कांगावा करणाऱ्या गिऱ्हाइकासाठीसुद्धा. आणि शेवटी, “देवा, व्याही सोडून सगळ्यांवर दया कर.”

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या चर्चमध्ये पापनिवेदनाला जात. तिथे काय बोललं जातं ते फादर कधीच कोणाला सांगत नाहीत. पण बाईंना स्वतःला कोण अडवणार? घरी येऊन त्यांनी इस्त्रीला सांगितलं, कपाटाला सांगितलं, आणि ओघाने मलाही कळलं. चार वर्षं दर महिन्याला त्यांनी एकच पाप कबूल केलं होतं: व्याहींवरचा राग जात नाही. शेवटी फादरांनी त्यांना प्रायश्चित्त दिलं की व्याहींना रोज दुपारी गरम सूप नेऊन द्यायचं, त्यांच्यावरचा राग जाईपर्यंत. बाईंनी गयावया केली. दुसरं काही द्या, माळ हातात घेऊन शंभर रोझऱ्या म्हणते. फादर म्हणाले, रोझरी म्हणायला तुम्हाला कुठे कष्ट पडतात?

त्या दिवशी मला खाली काढलं. कोळ्याला घर सोडावं लागलं, त्याचं वाईट वाटलं. पण पहिल्यांदा पोटात गरम काही पडलं तेव्हा मी धन्य झालो.

व्याही समोरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहत. लिफ्ट होती, तिच्यावर ‘बंद आहे’ अशी पाटीही होती, आणि ती पाटीसुद्धा आता पुसट झाली होती. मला पट्ट्याने खांद्याला अडकवून बाई जिना चढायच्या आणि चढता चढता रोझरी म्हणायच्या. रोझरीत ‘नमो मारिया’ या प्रार्थनेची दहा-दहाची पाच दशकं असतात. एका मजल्याला एक दशक, असा हिशेब चोख बसला. फक्त तिसऱ्या मजल्यावर दम लागायचा, आणि मग दोन नमो मारियांच्या मध्ये “मेला तिकीटवाला” असं काहीतरी निसटून जायचं. मग ते दशक त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर आम्हाला फार वेळ लागे.

पहिल्या दिवशी व्याहींनी दार उघडलं तेव्हा मी आत डोकावून घेतलं. टेबलावर चहा आणि वाळका पाव. त्यांचा गुडघा निकामी झाला होता. वर्षभर ते खाली उतरले नव्हते. पाववाल्याला खिडकीतून दोरीने टोपली सोडायचे, तेवढाच काय तो जगाशी संबंध. बाई दारातूनच म्हणाल्या, “फादरांनी सांगितलंय म्हणून आणलंय. माझा राग गेला की सूप बंद.”

व्याहींनी विचारलं, “आणि तोवर?”

“तोवर रोज.”

आत येऊन बसायला बाईंनी साफ नकार दिला. सूप द्यायला सांगितलंय, बसायला नाही. त्या बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि मी आत राहिलो. म्हणून पुढचं मी एकट्यानेच पाहिलं.

व्याहींनी छातीवर क्रूसाची खूण केली, प्रार्थना म्हटली आणि पहिला घोट घेतला. मग दुसरा. मग त्यांनी डोळे मिटले. सूप संपल्यावर कप बोटाने पुसून बोट चाटलं. मला वाटलं, झालं, आता बाहेर जाऊन दोन गोड शब्द बोलतील. पण छे! त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कागदाचा तुकडा घेतला आणि पेन्सिलीचं टोक चावत बसले. पाव तास विचार करून लिहिलं, ‘मीठ कमी. गाजर कच्चं.’ चिठ्ठी माझ्या कपात ठेवली आणि मला बाहेर दिलं.

मित्रांनो, गाजर लोण्यासारखं शिजलं होतं. माझ्याच पोटात होतं, मला नाही ठाऊक?

बाईंनी जिन्यातच चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. राग ताजा, म्हणजे उद्याचं सूप नक्की. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राग गेला की सूप बंद, आणि सूप बंद झालं की पुन्हा तो वाळका पाव, ती टोपली आणि दिवसभर कोणाचा शब्द नाही. म्हातारा सुपासाठी भांडत होता. आणि जिन्यात पावलं वाजावीत म्हणूनही.

असं सहा वर्षं चाललं. ‘मिरी जास्त.’ ‘कांदा उदास.’ ‘आज सुपाला काही मत नाही.’ नवीन खोड सापडेना म्हणून बिचारे व्याही जेवणाआधीच्या प्रार्थनेतच देवाकडे चूक मागू लागले. तिकडे बाई रोज मीठ-मिरी कमीजास्त करून थकल्या. पहिल्या शनिवारी फादर विचारत, राग गेला का? बाई म्हणत, कसा जाईल फादर, काल त्यांनी कांद्याला उदास म्हटलं. फादर म्हणत, बरं, मग चालू ठेवा. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी दोन्ही माणसं. आणि मधल्या मध्ये माझा पट्टा दोनदा तुटला.

मग एका शुक्रवारी फादर धापा टाकत पाच मजले चढून आले. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ते आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, द्यायला जात. त्या दिवशी त्यांना उशीर झाला आणि मी टेबलावर असतानाच ते पोचले. व्याहींनी आधी पापनिवेदन केलं. मी तिथेच होतो, मला कोण बाहेर काढणार? पण त्यांनी काय कबूल केलं ते मी सांगणार नाही. आत ठेवणं हाच माझा धंदा आहे.

फादर उतरताना बाईंनी जिन्यात त्यांचा चेहरा निरखून पाहिला. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी नुसतं बाईंच्या पाठदुखीची चौकशी केली आणि ते गेले.

आत व्याहींनी पेन्सिल काढली. या वेळी विचार करावा लागला नाही. चिठ्ठी माझ्या कपात टाकून त्यांनी मला बाहेर दिलं आणि दार लावून घेतलं. बाईंनी ती तिसऱ्या मजल्यावर उघडली आणि पुटपुटत वाचली.

‘विहीणबाई, सूप उत्तम. सहा वर्षं उत्तमच होतं. तुमचा राग गेला तर तुम्ही यायच्या बंद व्हाल, म्हणून रोज खोटं लिहीत होतो. लग्नातलं सूपही चांगलं होतं. मुलगा लांब जाणार म्हणून माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं, आणि मला रडण्यापेक्षा भांडणं सोपं जातं. मला क्षमा करा.’

बाई पायरीवर बसल्या. आधी भडकल्याच, कारण सहा वर्षं त्यांनी मिठाचा चमचा हातात घेऊन देवाची करुणा भाकली होती. मग घरी येऊन त्यांनी तो राग शोधायला सुरुवात केली, चष्मा हरवल्यावर शोधतात तसा. संध्याकाळपर्यंत शोधला. सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाईंना खोटं बोलता येत नाही. सकाळी त्यांनी फादरांना सांगितलं, आणि फादर म्हणाले, प्रायश्चित्त पूर्ण झालं. घरी आल्यावर बाईंनी मला गरम पाण्याने धुतलं, कोरडं केलं आणि कपाटावर ठेवलं. मी कोळ्याची वाट पाहू लागलो.

बाराची घंटा झाली. बाईंनी इस्त्री हातात धरूनच दुपारची प्रार्थना सुरू केली. निम्म्यावर थांबल्या. समोरच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून दोरीची टोपली हळूहळू खाली येत होती. बाई बघतच राहिल्या. बघता बघता एका गिऱ्हाइकाची बाही जळली, तीस वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांनी खुर्ची ओढली, मला खाली घेतलं आणि गाजरं चिरायला बसल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सूप व्हायला दीड वाजला. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर व्याहींचं नाव आलंच, पण प्रार्थनेत आलं.

दार उघडलं. व्याहींच्या हातात पाव होता. ते म्हणाले, “आज कशाला आलात? प्रायश्चित्त संपलं असेल ना तुमचं?”

“संपलं,” बाई म्हणाल्या. “तुमची भूक संपली का?”

तीस वर्षं लोकांना अडवणारा माणूस पाव हातात धरून दारातून बाजूला झाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही. बाई त्यांना ओलांडून सरळ आत गेल्या, मला टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. व्याहींनी कपाटातून दुसरा कप काढून धुतला. प्रार्थना त्यांनी म्हटली, आमेन बाईंनी म्हटलं. त्या दिवसापासून मला दोन माणसांचं सूप वाहावं लागतं.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादा थर्मास कपाटावर पडला असेल, तर त्याला खाली काढा. नीट धुवा, हलवू मात्र नका. आणि जवळपास एकटं कोणी असेल, त्यातून तुमचं त्या माणसाशी पटत नसेल, तर त्याच्याकडे तो भरून न्या. राग जाईल मग जाऊ, असं म्हणत बसू नका. राग घेऊनच निघा. मी सहा वर्षं वाहिलाय, माझा अनुभव आहे. रागाने सूप थंड होत नाही.