पिवळ्या दोऱ्याचे चाकू

त्या रविवारी बाबांनी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला, त्यावर चाकू मांडले आणि हाक मारली, "राणीसरकार, जरा दिवा धरायला या."

तिने पुस्तकात बोट ठेवून जागेवरूनच विचारलं, "टेबलावरचा दिवा आपला आपण उभा राहतो ना, बाबा?"

"राहतो. पण तिरका राहत नाही."

ती उठली. जुने स्काउटचे चाकू गोळा करायचा बाबांचा नाद तिच्या जन्माआधीपासूनचा. एक मोठं पातं, एक डबा फोडायचं, एक टोच्या, एक पेचकस, पट्ट्याला अडकवायला टोकाशी कडी आणि हाडाच्या मुठीवर बिल्ला. वरून बघाल तर सगळे एका माळेचे मणी. कोणी बनवला ते ओळखण्यात खरी गंमत. मोठं पातं जिथे मुठीत शिरतं, तिथे त्याच्या बुडाशी कारखान्याचा छाप असतो: बाण, मासा नाहीतर घंटा. बाबा त्याप्रमाणे कडीला दोरा बांधत. बाणाला लाल, माशाला निळा, घंटेला हिरवा. तिला पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं होतं.

"बाबा, हा मासा ना?"

"मासाच."

"मग पिवळा दोरा?"

"निळा संपवला असेल," आई आतून म्हणाली. "माझ्याच शिवणाच्या डब्यातून जातात सगळे."

शेजारचा चाकू बाणाचा होता. त्यालाही पिवळाच. तिने तोही दाखवला तेव्हा बाबा नुसते हसले. "आधी खात्री होऊ दे, मग सांगतो. उगाच तोंडघशी पडायला नको."

ती ग्रंथालयात नोकरीला होती आणि हाताला लागेल ते वाचायची. माणूस विसरायला लागला की आधी टोलवाटोलवी करायला शिकतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं नको तिथे आठवतं. हल्ली बाबा तिला अधूनमधून आत्याच्या नावाने हाक मारत. एकच चाकू हातात घेऊन तासन् तास बसत. तिने दिवा तसाच तिरका धरून ठेवला.

बुधवारी बाबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

भेटायला आलेले म्हणाले, अंथरुणाला खिळले नाहीत, कोणाला त्रास दिला नाही, सुटले. ती मान डोलवत राहिली. पण तिच्या मनात एक कुसळ रुतून बसलं होतं. बाबा खरंच विसरायला लागले होते का? आणि ते त्यांना कळत होतं का? तसं असेल तर शेवटचे काही महिने तो माणूस एकटाच घाबरत, हसून वेळ मारून नेत याच घरात वावरत होता, आणि ती बाजूला दिवा धरून उभी होती.

पाहुणे पांगल्यावर बाबांच्या संग्राहक मंडळींचा निरोप आला. बाबांचे चाकू स्काउटच्या सभागृहात काचेच्या कपाटात मांडायचे, प्रत्येकाखाली बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावायची. चाकू न्यायला दातकाकू येणार होत्या. दातकाकू म्हणजे बाबांच्या जुन्या स्नेही आणि तितक्याच जुन्या प्रतिस्पर्धी. दातांचा दवाखाना बंद केल्यापासून त्यांचाही सगळा वेळ चाकूंपायी जायचा. लहानपणी तिने ठेवलेलं हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

त्या यायच्या सकाळी तिने बाबांचे खण उघडले. वरच्या खणांत सगळं जिथल्या तिथे होतं. सर्वांत खालचा खण मात्र पिवळाधमक. तिने पुढचे पाच चाकू उघडून पाहिले. बाण, मासा, घंटा, मासा, बाण. चार लोकांसमोर बाबांची शोभा होऊ द्यायची नाही, एवढं एकच तिला सुचलं. तिने आईचा शिवणाचा डबा आणला, एका चाकूचा पिवळा दोरा कापला आणि लाल बांधायला घेतला.

"काय करतेयस?" आईने दारातून विचारलं.

"नीट लावतेय."

आई बघत राहिली. तेवढ्यात दार वाजलं.

"या घरातल्या माणसाने माझ्याकडून कधी एक दात काढून घेतला नाही," दातकाकू चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "पण माझा तोंडात घालायचा आरसा मात्र चाकू बघायला म्हणून नेला, तो नेलाच."

"आहे की," आई म्हणाली. "उकळून ठेवलाय."

"आता उकळून काय उपयोग? त्याने कुठे कुठे घातला असेल, देव जाणे."

आई कितीतरी दिवसांनी हसली. दातकाकूंनी चष्मा पुसला आणि वरच्या खणांपासून सुरुवात केली. त्या गुणगुणत होत्या. खालच्या खणाशी आल्यावर गुणगुणणं थांबलं. त्यांनी एक चाकू उघडला, मिटला, दुसरा उघडला. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "हे दोरे कधीचे गं?"

"अलीकडचे." ती घाईने पुढे सरली. "काकू, मी लावून देते नीट. द्या इकडे."

तिने खणात हात घातला आणि ती थबकली. वरच्या खणांत प्रत्येक चाकूचं पातं अर्धं उघडून छाप वर येईल असं ठेवलेलं होतं. इथे तिने आणि काकूंनी हाताळलेले वगळले तर बाकीचे सगळे मिटलेले होते, बिल्ल्याची बाजू खाली आणि उघडी हाडाची बाजू वर. सगळे एका दिशेला, शिस्तीत. गोंधळलेला माणूस असं ठेवत नाही.

"काकू, छाप दिसावा म्हणून हे ठेवलेलेच नाहीत त्यांनी."

"मग कशासाठी?"

तिने दिवा ओढला आणि तिरका धरला. हाताला पकड मिळावी म्हणून मुठीच्या हाडावर छिन्नीने खाचा मारतात. तिरक्या उजेडात त्या खाचा सावलीने भरल्या आणि प्रत्येक खाचेच्या टोकाशी केसाइतकी बारीक एक रेघ दिसली, शेपटीसारखी. तिने दुसरी मूठ पुढे केली. तिथेही शेपटी. तिसरीलाही.

दातकाकूंनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"टवका उडालेली छिन्नी," त्या शेवटी म्हणाल्या. "धार फुटली की ती प्रत्येक घावाला स्वतःची खूण सोडते. माझ्या एका हत्याराचं असंच झालं होतं, निम्म्या गावाच्या दातांवर सही झाली माझी." त्यांनी चाकू शेजारी शेजारी मांडले. "कारखाने पाती करायचे आणि मुठीची हाडं बाहेरून घडवून घ्यायचे, एवढं आम्हाला माहीत होतं. पण हे बघ. पातं बाणाचं असो, माशाचं असो, घंटेचं असो, मूठ एकाच माणसाच्या हातची. एकाच छिन्नीची, म्हणून एकच पिवळा दोरा. आम्ही जन्मभर पात्यावरचा छाप वाचत बसलो, आणि या गड्याने मुठीवरून माणूस शोधून काढला. वर मला पत्ता लागू दिला नाही."

"खात्री झाल्याशिवाय बोलायचे नाहीत," आई म्हणाली. "मला होकार द्यायलाही असाच वेळ लावला होता. माझी आई म्हणायची, मुलगा मुका आहे की काय."

ती खुर्चीवर बसली. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला वाटलं. बाबा कुठेही हरवलेले नव्हते; आत्याच्या नावाची हाक म्हणजे नुसती घसरलेली जीभ. या टेबलाशी पूर्ण शुद्धीत बसून, कोणाला दिसलं नव्हतं ते एकटेच बघत होते. आणि मजेत होते.

"काकू, एकाचा दोरा मी कापला," ती म्हणाली. "लाल बांधत होते."

"कापलास तर कापलास. शेपटी थोडीच कापलीस? पिवळं रीळ दे."

दातकाकूंनी दोरा बांधला आणि पुन्हा भिंगात डोकं घातलं. आता तासभर त्यांना जगाची शुद्ध राहणार नव्हती. आईने खुर्ची तिच्या जवळ ओढली.

"लाल का बांधत होतीस?"

थाप मारणं सोपं होतं. आईने ती मानूनही घेतली असती. तिने आईचा हात धरला.

"मला वाटलं होतं, बाबा विसरायला लागलेत," ती म्हणाली. "दोरे चुकतायत, आत्याच्या नावाने हाक मारतायत. एक दिवस मलाही विसरतील. तुला सांगितलं नाही, त्यांना विचारलं नाही. मी फार घाबरले होते गं, आई."