हार वर पोचेपर्यंत

बोर्ली पंचतनच्या अलीकडे, तीन गावांच्या मधोमध ती टेकडी बसली आहे. टेकडी कसली, पानात वाढलेली भाताची मूद. माथ्यावर लक्ष्मीनारायणाचं देऊळ. उत्सवातल्या कीर्तनाला समईचं तेल एका गावचं, प्रसादाचा शिरा दुसऱ्याचा, आणि पूर्वरंग संपला की बुवांच्या गळ्यात पडणारा हार तिसऱ्या गावच्या सखुबाईच्या हातचा. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा.

यंदा गुडघे ऐकेनात. सून दिपाली म्हणाली, तुम्ही घरीच बसा, कर्ण्यातून सगळं ऐकू येतं, हार मी नेते. सखुबाईने सकाळी अबोली आणि दवणा ओवला, केळीच्या पानात गुंडाळून माठाशेजारी गारव्याला ठेवला. दुपारी पूर्वरंग ऐकता ऐकता ती पाणी प्यायला उठली, तर पुडी तिथेच! दिपालीला वाटलं असणार, सासूबाईंनी पिशवीत घातलाय. फोन लावावा तर कीर्तनाला बसताना फोन बंद ठेवायचा, हे वळण तिनेच सुनेला लावलेलं.

शेजारचा मुश्ताक अंगणात रिक्षा पुसत होता. त्याने तिला पायथ्याशी आणलं आणि म्हणाला, द्या इकडे, मी धावत जातो. सखुबाईने मान हलवली. एकदा दुसऱ्यावर सोपवून झालं होतं. मग त्याने आपला हात पुढे केला.

ती दोघं निम्म्यावर असताना पूर्वरंग संपला. येसाजीबुवांनी गजर धरला. हार पडला की गजर थांबतो आणि आख्यान लागतं. सखुबाईचा पाय अडला. बाजारचा एखादा हार घालतील आणि पुढे जातील. पण गजर चालूच. झांजा चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या.

"मावशी, तुमचे बुवा आज थांबायचं नाव घेत न्हाईत," मुश्ताक म्हणाला.

"माझी वाट बघतायत रे." तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. "चल."

ती दारात पोचली तेव्हा बुवांचा आवाज पार बसला होता; लोकच गजर ओढत होते. तबकात झेंडूचा जाडजूड हार तसाच पडलेला, शेजारी दिपाली रडवेली. बुवा चार पावलं पुढे आले आणि त्यांनी मान वाकवली. सखुबाईने पुडी सोडून हार घातला. छाती भात्यासारखी चालली होती.

हार पडला, तरी बुवांनी चिपळ्या थांबवल्या नाहीत.

"चालू द्या अजून," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आक्कांचा दम खाली बसू दे. मग आख्यान."

कुणीतरी सरकून मुश्ताकला खांबापाशी जागा दिली. सखुबाई सुनेला टेकून बसली. हळूहळू गजरात तिचाही आवाज मिसळला. तो कानावर आला, तेव्हा कुठे बुवा थांबले.