मंडळाचा वळू

डॉक्टरीणबाईंच्या धाकट्या दिराला गायीच्या कोणत्या बाजूला उभं राहावं हे ठाऊक नव्हतं. तरी त्याला देशी गोवंश रक्षण मंडळाचा अध्यक्ष केलं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. नऊ सभासदांपैकी एकाच्याही बुटाला कधी शेण लागलं नव्हतं.

मंडळाच्या गोठ्यात बुटक्या, काळ्या, आखूड शिंगांच्या चौतीस गायी होत्या. त्या जातीच्या जवळपास तेवढ्याच उरल्या होत्या. दूध जेमतेम, पण खडकाळ माळावर वाळक्या काडीवर तग धरायच्या. बाई गुरांच्या डॉक्टर, चौदा वर्षं त्यांची बाळंतपणं करत होत्या. म्हातारा वळू मेला तेव्हा बाईंनी सांगितलं, "डोंगरापलीकडच्या मेंढपाळाकडे याच जातीचा एक आहे. दिसायला दरिद्री, पण अस्सल."

"दरिद्री कशाला, वहिनी?" दीर म्हणाला. "आपल्याला फोटो काढायचेत."

आणि त्याने बाजारातून आणलेला वळू म्हणजे काय विचारता! काळाभोर, तुकतुकीत, दारातून येताना दोन्ही खांब घासणारा. बाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. पाठीवर वशिंड नावाला, गळ्याखालची पोळी जवळजवळ नाहीच.

"भाऊजी, हा आईकडून आपला असेलही. बापाकडून परदेशी आहे."

"बघितल्या बघितल्या कळलं?"

"तपासून घेऊ."

शेपटीचे केस प्रयोगशाळेत गेले. निकाल आला: निम्मं रक्त परक्या जातीचं. दिराने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"म्हणजे निम्मं आपलंच की! रविवारी कार्यक्रम आहे, वहिनी. तुम्ही फक्त शुद्धतेच्या दाखल्यावर सही करा."

बाईंनी नकार दिला. त्या संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी विषय काढला. "एवढीशी सही. पोराची चारचौघांत शोभा होईल." बाईंचा नवरा ताटात बघत राहिला, त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"आई, त्या गायी बुटक्या आहेत," बाई म्हणाल्या. "या धुडाचं वासरू त्यांच्या पोटात अडकेल. ते ओढून काढायला खांद्यापर्यंत हात कोण घालणार? भाऊजी?"

दिराने हातातला घास ताटात ठेवला, पण हट्ट सोडला नाही. रविवारी दाखल्यावर त्याने स्वतःच सही ठोकली आणि शुद्ध रक्तावर तासभर भाषण झोडलं. वळूच्या गळ्यात रेशमी रिबीन होती. भाषण संपेपर्यंत त्याने ती चघळून संपवली. त्या सगळ्या समारंभात काही उपयोगाचं केलं ते त्यानेच. उद्यापासून वळू गायींत सोडणार, अशी घोषणा झाली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाईंनी गोठ्याच्या मुकादमाला हाक मारली. वळूला दोरांनी जखडलं, भुलीचं इंजेक्शन दिलं आणि मोठ्या चिमट्याने त्याला खच्ची केलं. थोड्या वेळाने फोटोवाल्याला घेऊन दीर आला.

"वहिनी! हे काय केलंत?"

बाईंनी मंडळाची गुळगुळीत कागदावरची पुस्तिका पुढे केली. "नियम अकरावा. गोठ्यात संकरित नर आढळल्यास डॉक्टरांनी तो खच्ची करावा. वर तुमचाच फोटो आहे."

"अहो, तो नियम कोणी वाचतं का?"

"मी वाचला."

दीर फोटोवाल्याकडे वळून म्हणाला, "चल, इथे प्रकाश बरोबर नाही."

बाईंना काढून टाकायची भाषा दोन दिवस झाली. मग कोणीतरी आठवण करून दिली की प्रयोगशाळेचा निकाल बाईंकडेही आहे. सगळे मूग गिळून बसले. तीन महिन्यांत दिराने राजीनामा दिला. आता तो देशी माशांच्या जाती वाचवतो. मासे बिचारे बोलू शकत नाहीत, ते एक बरं.

वळूचा बैल झाला. चाऱ्याची गाडी ओढतो, आणि नऊ सभासदांनी मिळून केलं नसेल तेवढं काम एकटा करतो. बाई स्वतः ट्रक घेऊन डोंगरापलीकडे गेल्या. मेंढपाळाचा वळू कान फाटलेला, रोडका, वर तिरसट. चढवताना त्याने मुकादमाला दोनदा पाडलं. पुढच्या वर्षी एकोणीस गायी व्यायल्या. दोन वासरं दगावली. बाकीची बुटकी, काळी, बापासारखी तिरसट निघाली, आणि एकाही गायीसाठी बाईंना बाही वर करावी लागली नाही.