चौतीस बंद घरं

देवखोल ग्रामपंचायतीच्या कचेरीत सकाळी चहा आला. सरपंच नम्रताबाई, त्यांचे सासरे सहदेव आणि ग्रामसेवक हर्षद यांच्यापुढे बशीसकट कप ठेवले गेले. खिडकीपाशी उभ्या असलेल्या वनिताला शिपायानं कागदी पेला दिला. तिला त्याचं काही वाटलं नाही. पाचवीला शाळेसाठी डोंगर उतरू लागली, तेव्हापासून या गावात तिच्या वाट्याचं पाणीसुद्धा वेगळ्याच भांड्यातून आलं होतं.

वनिता उंबरटेपची. देवखोलपासून तासाभराच्या चढावर चौतीस घरांची ही ठाकरवाडी, आणि त्या वाडीत बारावी झालेली ती एकटी. म्हणून तर पंचायतीनं घरोघरच्या पाहणीचं काम तिला दिलं होतं. मोबाइल घेऊन उंबरे चढायचे, विचारायचं, भरायचं. चार दिवसांत गाव संपलं होतं. नदीकाठची एकोणीस फार्महाउसंही हर्षदच्या सांगण्यावरून तिनं 'कुटुंब' म्हणून भरली होती. त्यांचे मालक मुंबईचे, शनिवारी येऊन रविवारी जाणारे.

"आज वाडीवर जाते, भाऊसाहेब," ती म्हणाली.

हर्षदनं मोबाइलमधून मान वर काढली नाही. "कशाला जातेस? इथंच बस आणि भर. 'घर बंद, कुटुंब स्थलांतरित.' गेल्या वर्षी तसंच भरलंय."

"पण माणसं हायत ना तिथं. वीटभट्टीवर यंदा अकराच घरं गेली."

"अकरा गेली, उरलेली जातील. फरक काय पडतो?"

सहदेवनं बशी खाली ठेवली. माजी सरपंच तो; कागदावर आता सून होती, पण खुर्ची त्यानं सोडली नव्हती. "पोरी, सव्वीस जानेवारीला आपल्या गावाला 'संपन्न गाव' जाहीर करनार हायत. तालुक्यात पयलं. साहेब यायचे, फलक लागायचा. त्यात तुमची ती झोपडी नि फाटकी लुगडी दाखवून नाक कापू नको आमचं. गरिबी बघायची तर जा नंदुरबारला, गडचिरोलीला. हा रायगड हाय! पंधरा कोसांवर मुंबई हाय."

"दादा, पन वाडीत—"

"वाडीत काय? कामाला बोलावलं तर येत नाय, आन् कागदावर मात्र पयले." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "अंगनवाडीच्या सेविकेची जागा निघतीय. तुझं नाव घालायचं म्हनतोय मी. बारावी हायस. पन माणूस आपल्या कामाचं हाय का नाय, ते बघायला नको?"

नम्रताबाई टेबलावरचा कागद सरळ करत राहिल्या. त्यांनी वनिताकडे पाहिलं नाही.

वनिताच्या घरात पगार म्हणून कधी काही आलेलं नव्हतं. थोरला भाऊ नवनाथ मोहोपाड्याला ठेकेदाराकडे जायचा, तोही बोलावलं तर. सेविकेची जागा म्हणजे म्हातारपणापर्यंतचा आधार. ती बाकावर टेकली. घर क्रमांक एक, बंद. दोन, बंद. धाऊबाबाचं घर, बंद. नवनाथचं घर, म्हणजे तिचं स्वतःचंच घर, जिथं सकाळी ती भाकरी खाऊन निघाली होती, तेही बंद. चौतीस वेळा बोट लावायला पाऊण तास लागला.

हर्षद म्हणाला, "शाब्बास."

त्या संध्याकाळी वाडीत तिनं कुणाला काही सांगितलं नाही. नवनाथची बायको सोमी अंगणात पदूला घेऊन बसली होती. पदू, दोन वर्षांची पोर, अजून भिंतीला धरूनच उभी राहायची. हातपाय काटक्यांसारखे, केस तांबडे पडलेले.

"वयनी, हिला खाली गावच्या अंगनवाडीत का नाय नेत तू? गरम खिचडी देतात."

सोमी उसळली. "नेली व्हती की! आपली हितली अंगनवाडी बंद केली, पोरंच नायत म्हनं वाडीत. मंग नेली खाली. आमच्या पोरांना उंबऱ्याच्या भाईर बसवली. ती मदतनीस बाई डाव असा उंच धरून वरनं सोडायची, ताटलीला हात लागंल म्हनून. अर्धी खिचडी भुईला. कुत्र्याला बी असं नाय टाकत गं. नाय नेनार मी."

वाडीत पोरंच नाहीत, हे कुठून आलं ते वनिताला कळलं. गेल्या वर्षीच्या पाहणीतून. आणि या वर्षी तेच तिनं स्वतःच्या बोटानं पुन्हा भरलं होतं. तिनं पदूला उचलून घेतलं. हातात वजन लागलंच नाही.

पौषात पदूला खोकला धरला. आधी पाला झाला, मग भगताचा धागा झाला. गावातल्या उपकेंद्राच्या नर्सबाई पूर्वी महिन्यातून एकदा डोंगर चढायच्या, पण वाडीचं नाव त्यांच्या फेरीतून कधीच गळालं होतं. चौथ्या दिवशी पोरीची छाती भात्यासारखी उडायला लागली. नवनाथनं तिला धोतरात बांधून पाठीशी घेतलं. पुढं तो, मागं सोमी नि वनिता. उतरून गावात आले, तिथून टेंपो मिळाला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पोरीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि चिडूनच विचारलं, "ही इतकी खंगेपर्यंत कुठं होता तुम्ही? कुपोषित मुलांच्या यादीत नाव असेल ना हिचं? गाव कुठलं?"

"उंबरटेप. देवखोल पंचायत."

परिचारिकेनं यादी उघडली. "देवखोलमध्ये एकही नाही, सर. उंबरटेपला तर मुलंच नाहीत. शून्य."

"मग ही काय आहे?" डॉक्टर पोरीकडे बोट करून म्हणाला.

सोमीला यादीचं काही कळलं नाही. ती वनिताकडे पाहत होती, शिकलेल्या नणंदेनं काहीतरी बोलावं म्हणून. वनितानं पदूच्या अंगावरचं धोतर सारखं केलं.

पदू दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत गेली. ओढ्यापलीकडे तिला पुरलं. धाऊबाबानं खड्ड्यावर दगड रचले. आठ दिवस वनिता जेवायला बसली की उठायची. गेल्या वर्षीची पाहणी आपण केली नव्हती, या वर्षीची यादी अजून दवाखान्यापर्यंत पोचलीही नसेल, हे ती मनाला सांगायची, आणि ते खरंही होतं. पण मन ऐकायचं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. तालुक्याच्या अधिकारी बाई आल्या होत्या. फलकावर हिरवं कापड होतं. वाडीची माणसं नेहमीसारखी मागं, कुंपणाला टेकून उभी. पाहणीचा अहवाल वाचायला हर्षदनं वनिताला पुढं बोलावलं. आदिवासी मुलीनं वाचला की शोभा येते म्हणून.

तिनं कागद हातात घेतला आणि तो वाचलाच नाही.

"बाई, उंबरटेपची चौतीस घरं यात बंद दाखवलीत. ती बंद नायत. मी बंद केली. कचेरीत बसून. सेविकेची नोकरी मिळंल म्हनून." तिनं हातातल्या कागदानंच कुंपणाकडे दाखवलं. "ती माणसं बघा, मागं उभी हायत. तेवीस घरं वाडीतच हायत. एकाला संडास नाय, नळ नाय. सात पोरं खंगलीत. आठवी माझी भाची व्हती, ती याच महिन्यात गेली. दवाखान्याच्या यादीत ती जन्मालाच आली नव्हती."

पटांगणात गलका उठला. सहदेव ताडकन उभा राहिला. "बस खाली! खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? आमी तुला मानूस केली!"

"सुक्काळीच्यांना डोक्यावर घेतलं की हेच," मागून कुणीतरी ओरडला.

हर्षद अधिकारी बाईंच्या कानाशी लागला होता. मग त्याच मोठ्यानं म्हणाल्या, "हे बघ, सगळं गाव धरलं तर सरासरी चांगली आहे. जिल्ह्याची तर फारच चांगली. एका वाडीवरून..."

"सरासरीनं माझी भाची जगली असती का, बाई?"

तेवढ्यात सरपंचांच्या खुर्चीतून, पहिल्यांदाच, आवाज आला. "फेरपाहणी लावा," नम्रताबाई म्हणाल्या. "'संपन्न गाव'च्या ठरावाला सही माझी लागते. मी आज करनार नाय." सहदेवनं सुनेकडे असं पाहिलं की, घरी गेल्यावर त्या बाईचं काय होणार हे सगळ्या गावाला कळलं.

फलकावरचं कापड त्या दिवशी निघालं नाही. पण गावानं त्याचा सूड उगवला. वालाच्या काढणीला वाडीतलं एक माणूस बोलावलं नाही. बायकांच्या लाकडाच्या मोळ्या कुणी घेईना. वाडीची पायवाट सहदेवच्या शेतातून जायची, तिथं काटेरी तार आली. आता ओढ्याला वळसा घालून चढावं लागे. सेविकेच्या जागेवर दुसरीच लागली.

आणि सोमी? सभेत सगळं ऐकल्यापासून ती वनिताशी बोलत नव्हती. एकाच चुलीवर दोघींचं शिजायचं, पण शब्द नाही. एकदाच म्हणाली, "तू बी आमचं दार लावलंस." वनितानं माफी मागितली नाही. मागण्याजोगं ते नव्हतंच.

माघाच्या अखेरीला फेरपाहणीसाठी तालुक्याहून स्वप्नील नावाचा मुलगा आला. वाट दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून वनिता बिनपगारी त्याच्याबरोबर ओढ्याच्या वळशानं चढली. एकेक दार ती स्वतः ठोठावत होती, एकेक नाव मोठ्यानं सांगून लिहून घेत होती. शेवटी नवनाथच्या अंगणात आले.

"घरात माणसं किती?" स्वप्नीलनं विचारलं.

"चार," सोमी म्हणाली. "आमी दोघं, ही, आन् पदू."

"पदू कुठं आहे?"

"गेली. पौषात."

स्वप्नील घोटाळला. "मग तीन होतात, वहिनी. मेलेल्या माणसाला यात जागा नाही."

"जित्ती व्हती तवा तरी कुठं व्हती?" सोमी उठून उभी राहिली. "दोन वर्सं व्हती ती या घरात. भिताडाला धरून उभी ऱ्हायची. लिव."

स्वप्नीलचं बोट पुढच्या प्रश्नाकडे सरकलं. वनितानं मोबाइलवर आपला हात आडवा धरला.

"थांब," ती म्हणाली. "कागद काढ, हातानं लिही. खाली मी सही करते. तुझ्या साहेबांनी विचारलं तर सांग, ही पोर व्हती, आन् ती नाय असं भरनारी मी हाय."

स्वप्नीलनं पिशवीतून वही काढली. सोमी नणंदेकडे न पाहता, एकेक अक्षर सुटं करून, पोरीचं नाव सांगू लागली.